घुंगरमाळेनं आवळलेलं इंजिन

मी एक इंजिन. हातभर लांबीचं, पण वाफेवर चालणारं, खरंखुरं. मला कुणी खेळणं म्हटलं की माझं पित्तच खवळतं. खेळण्याच्या पोटात आग असते का हो? माझ्या असते. तांब्याचा बॉयलर, पितळेची चाकं, पोटाखाली स्पिरिटचा दिवा आणि पाठीवर सेफ्टी वॉल्व. वाफ जास्त झाली की तो उघडतो, फिस्स करून वाफ बाहेर सोडतो आणि मी फुटत नाही. एवढं ध्यानात ठेवा, मग माझी कहाणी ऐका.

मला घडवलं गोपाळरावांनी. नागपूरच्या छोट्या, नॅरोगेज रेल्वेच्या शेडमध्ये ते फिटर होते. ड्यूटी संपवून जुन्या मंगळवारीतल्या घरी आले की ओसरीवर मांडी ठोकायचे आणि मला ठोकायला घ्यायचे. हातोडीनं बडवलं, कानशीनं सोललं, भट्टीत लाल केलं. तुम्ही रडत जन्माला येता, मी मार खात आलो. त्याचा मला राग नाही, कारण तो हात जाणता होता.

गोपाळराव गेले तेव्हा मी त्यांच्या थोरल्या लेकीकडे, प्रेमिलाकडे राहिलो. त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं. तिचा धाकटा भाऊ जागेश्वर कामठीला पॉवरलूमवर कामाला. त्याला ही गोष्ट कायमची सलली. सणावाराला आला की सुरू व्हायचा, "पोरीच्या जातीले इंजिन, अन् पोराच्या हाती काय? घंटा?"

"तू सायकलले तेल देत नाही बाप्पा, याले काय सांभाळशीन?" प्रेमिला हसून म्हणायची. ती हसली की तो आणखीच पेटायचा.

पण सांभाळावं ते प्रेमिलानंच! दरवर्षी ती मला स्क्रू न् स्क्रू उघडायची. तांबं चिंचेच्या पाण्यात ठेवायची, दांड्यांना तेल द्यायची, नळ्यांतला क्षार काढायची. लोक आपली अशीच जुनी, बंद पडलेली इंजिनं दुरुस्तीला तिच्याकडे आणायचे आणि वर सांगायचे, "ताई, एकदम चकाचक करून द्या." माणसांची ही एक गंमतच आहे. वस्तू जुनी पाहिजे, पण दिसायला काल दुकानातून आणल्यासारखी. माझा हिरवा रंग पोपडे धरून होता, तरी तिनं कधी खरवडला नाही. "बाबाच्या हातचा हाय," एवढंच म्हणायची.

यंदाचा तान्हा पोळा आला. इकडे लहान पोरं त्या दिवशी लाकडाचे नंदी सजवून मिरवतात. रस्त्यानं मारबतीची, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक गर्जत चालली होती, "घेऊन जा गे मारबत!" प्रेमिला स्वयंपाकघरात वडे तळत होती. जागेश्वरनं तिला न विचारता मला कपाटातून काढलं आणि अंगणात आणलं. गल्लीतली पोरं जमली. पुढे प्रेमिलाची नात भूमिका, आपला नंदी काखेत मारून.

"आज इंजिनाचा पोळा!" जागेश्वर ओरडला. त्यानं माझ्या पाठीवर भरजरी झूल टाकली, धुराड्याला बेगड चिकटवलं, पाणी भरलं आणि दिवा लावला. अरे, झूल घातलेल्या इंजिनाखाली आग लावतात का, गाढवा? पण माझं ऐकतो कोण!

वाफ चढली. वॉल्व उघडला, फिस्स! गरम शिंतोडे उडाले. एक थेंब भूमिकाच्या पायावर पडला, ती किंचाळली आणि पोरं खो-खो हसली. जागेश्वरचं तोंड उतरलं. एवढ्या लोकांत फजिती! "नंदी कधी फुसफुसते काय बे?" म्हणत त्यानं तारेत ओवलेली घुंगरमाळ उचलली, वॉल्ववरून गुंडाळली आणि पकडीनं पिळून पिळून आवळली.

माझा गळा दाबला हो त्यानं! फुसफुस थांबली म्हणून पोरांनी टाळ्या वाजवल्या. आत वाफ भिंतींवर डोकं आपटत होती. वाफेचा दाब दाखवणारा काटा लाल खुणेपलीकडे गेला. मला ओरडायचं होतं, पण ओरडायची वाटच तर त्यानं बंद केली होती. आणि समोर ती इवलीशी पोर, डोळे विस्फारून, माझ्यावर वाकलेली.

प्रेमिला हातात झारा घेऊन बाहेर आली. तिनं तार पाहिली. "जागेश्वर! सोड ते! फुटन!"

"आली मोठी! बाबाचं इंजिन मले चालवता येत नाही काय?" त्यानं तिला आडवा हात घातला. तिनं झारा त्याच्या दंडावर हाणला. त्यानं तिचं मनगट पिरगाळून तिला भिंतीवर ढकलून पाडलं. तेवढ्यात झुलीनं पेट घेतला. तार सोडवायला आता वेळच नव्हता.

प्रेमिला उठली, पेटत्या झुलीसकट तिनं मला दोन्ही हातांनी उचललं. उघड्या हातांनी! तिचं कातडं माझ्या तांब्याला चिकटलं, त्याचा चर्र आवाज मी ऐकला. ती ओरडली, पण तिनं सोडलं नाही. पळत जाऊन तिनं मला अंगणातल्या रिकाम्या सिमेंटच्या टाक्यात फेकलं.

आणि मी फुटलो. माझं पोट टराटरा फाटलं, चाकं उडाली, टाक्याला तडा गेला. बाहेर एका पोरालाही ओरखडा आला नाही. मी भूमिकाला मारलं नाही. ज्या बाईनं मला जगवलं तिचे हात मात्र मी जाळले, आणि हे दुःख मला फाटल्या पोटापेक्षा मोठं आहे.

धंतोलीच्या दवाखान्यात प्रेमिला महिनाभर होती. डॉक्टर म्हणाले, बोटं आता पूर्ण वळायची नाहीत. ती घरी आल्यावर जागेश्वर मान खाली घालून दारात उभा राहिला. तिनं भूमिकाकरवी पोत्यात भरलेले माझे तुकडे आणवले आणि त्याच्या पायाशी ठेवायला लावले.

"ने. तुले पाह्यजे होतं नं? ने आता."

"ताई, मले नको वं. तुह्या पाया पडतो."

"ने म्हणलं नं! अन् पुन्हा या घरी तोंड दाखवू नोको."

अशा रीतीने मी कामठीला आलो, माझा गळा आवळणाऱ्याच्या घरी. दिवाळी गेली तरी त्यानं पोत्याचं तोंड सोडलं नाही. मी आतून त्याला शिव्या घालत होतो. पुन्हा कधी वाफ भरली तर पहिला चटका यालाच द्यायचा, हे मी ठरवलंच होतं.

आणि आज सकाळी त्यानं पोतं सोडलं. फाटकं तांबं लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून सरळ केलं. काय ते ठोकणं! एक घाव धड बसेल तर शपथ. फाटलेल्या जागी सुहागा, म्हणजे टाकणखार लावला, सांधायला चांदीचा झाळ ठेवला आणि गॅसची बत्ती सोडली. झाळ वितळला आणि जोडावर बसायचा सोडून गोळ्या होऊन घरंगळला. पुन्हा लावला, पुन्हा घरंगळला. त्यानं हातोडी भिंतीवर फेकून मारली आणि तिथंच डोकं धरून बसला.

मग त्यानं मोबाइल काढला, स्पीकरवर टाकून माझ्याशेजारी ठेवला. पलीकडे फोन उचलला गेला.

"ताई," याचा आवाज फुटला, "फोन ठेवू नोको. बाबाचं इंजिन जोडून राहिलो. झाळ धरतच नाही वं. काहून धरत नाही? सांग नं."

पलीकडे नुसता श्वास. माझ्या तांब्यावर बत्ती भडभड जळत होती, तिचा आवाज फोनमधून पलीकडेही जात होता. तो डोळे पुसत वाट पाहत राहिला. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, माझे सगळे शाप विसरून वाट पाहत राहिलो.

"आधी आग कमी कर, गाढवा," प्रेमिला म्हणाली.

त्यानं बत्ती बारीक केली. बराय मंडळी, आता मला रजा द्या. ती पुढचं सांगते आहे आणि मला नीट ऐकायचं आहे.