रंगवलेला पडदा

मित्रांनो, सिनेमा बघताना तुम्ही माझ्याकडेच बघता, पण मी कसा आहे असं विचारलं तर एकालाही सांगता येणार नाही. मी डोंगरावरच्या एका थंड हवेच्या गावातल्या थिएटरचा पडदा. आता म्हातारा झालोय. माझ्या अंगावर एवढे सिनेमे झाले, पण मी एकही पाहिलेला नाही. स्वतःचं कपाळ कोणाला दिसतं? मी पाहिली ती समोरची माणसं, आणि त्यांचा हिशेब मात्र चोख ठेवला.

माझा जन्म कारखान्यातला. जाड पांढऱ्या प्लॅस्टिकचे पट्टे जोडून मला घडवलं आणि सर्वांगाला बारीक बारीक भोकं पाडली. तो दोष नव्हे हं! स्पीकर माझ्या पाठीमागे उभे असतात आणि त्यांचा आवाज या भोकांतून तुमच्यापर्यंत येतो. अगदी नाक लावून पाहिल्याशिवाय ती दिसत नाहीत.

वर्षभर थिएटर अर्धं रिकामंच असे. पण थंडी ओसरली की आमच्याकडे सिनेमांचा महोत्सव भरे. पदरमोड करून, मित्रांचे कॅमेरे मागून आणून काढलेले सिनेमे घेऊन मंडळी घाट चढून येत. ज्याचा सिनेमा असे तो शेवटच्या रांगेत नखं खात बसे आणि माझ्याकडे न बघता लोकांच्या मानांकडे बघे. पुढच्या रांगेत परीक्षक. त्यातले एक जाडजूड गृहस्थ सुरुवातीची नावं संपायच्या आत झोपत आणि दिवे लागताच सर्वांच्या आधी म्हणत, "शांतता काय वापरली आहे!" वापरणारच; तिच्यातच तर यांची झोप झाली होती.

माझी काळजी घेई तो ऑपरेटर, म्हणजे मागच्या केबिनमध्ये बसून सिनेमा लावणारा माणूस. महोत्सवाआधी तो शिडी लावून मऊ ब्रशने माझ्यावरची धूळ झटके. पाण्याचा थेंबही लागू देत नसे. टाळ्या सिनेमावाल्यांना मिळत, याला हाक येई ती मशीन अडलं तरच. बोलणं तर अगदीच कमी. त्याची बायको तिकीटखिडकीवर बसे. ती म्हणे, "ह्यांच्या तोंडून शब्द काढायचा तर आधी तिकीट काढावं लागतं."

त्याच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या लेकीने बापाला खुर्चीत बसवून बोलतं केलं आणि त्याचाच सिनेमा केला. मग तो गेला. पुढच्या महोत्सवात तो सिनेमा निवडला गेला, तोही उद्घाटनाला. आईचा आनंद मावेना.

"जन्मभर दुसऱ्यांचे आवाज लावले ह्यांनी," ती म्हणाली. "आता एकदा सगळं गाव ह्यांचं ऐकेल."

पण त्या वर्षी माझी धूळ झटकायला कोणी उरलं नव्हतं. मी मळकट दिसत होतो. तेव्हा ती स्वतःच एका रंगाऱ्याला घेऊन आली.

"काकू, ह्याला तर भोकंच भोकं पडलीत," तो शिडीवरून म्हणाला.

"म्हातारा झालाय ना तो. बुजव सगळी."

"दोन हात पुरे होतील."

"तिसरा मार. कंजूषपणा करू नकोस, माझ्या माणसाचा सिनेमा आहे."

खालची कड तिने आपल्या हाताने रंगवली. इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता, आणि माझा जीव गुदमरत चालला होता. ओरडणार कुठल्या तोंडाने?

उद्घाटनाच्या दिवशी घाटात दरड कोसळून रस्ता अडला होता. लेक पोहोचली तेव्हा लोक खुर्च्यांवर बसलेसुद्धा होते. आवाज तपासायला वेळच मिळाला नाही. दिवे मालवले. माझ्यावर बाप दिसू लागला असावा, कारण समोर आईचा चेहरा उजळला. तो बोलू लागला आणि माझ्या पाठीशी नुसती घुमघुम सुरू झाली. शब्द एकही कळेना. नव्या ऑपरेटरने आवाज वाढवला, तर घुमघुमच वाढली.

"काय म्हणतोय हो?"

"कोणास ठाऊक."

लोक आधी खोकले, मग कोटाची बटणं लावू लागले, मग एकेक करून उठले. जाडजूड परीक्षक जागे होते, हे तर आणखी वाईट. आई मात्र कानामागे हात धरून पुढे झुकली होती आणि उठणाऱ्यांना दटावत होती, "श्श! बोलताहेत ना ते!"

संपल्यावर लेक माझ्याजवळ आली. तिने बोट फिरवलं, मग नखाने खरवडलं. रंगाची खपली निघाली आणि खालचं भोक उघडं पडलं. तिने वळून पाहिलं. आईच्या नखांत पांढरा रंग अजून तसाच होता.

"कशाने झालं गं?" आईने विचारलं.

"स्पीकर गेलाय, आई."

"पुन्हा लावतील?"

"नाही गं. सगळ्या वेळा भरल्यात. घरी ऐकवते ना तुला."

"घरी मी ऐकलंच असतं. गावाने ऐकायला हवं होतं." तिने पदराने डोळे पुसले. "पडदा तरी कसा पांढराशुभ्र दिसत होता, नाही?"

लेकीने खपली मुठीत दडवली. "हो आई. इतका छान कधीच दिसला नव्हता."

दुसऱ्या दिवशी मला उतरवलं. तेव्हापासून मी गुंडाळलेला, जिन्याखाली पडून आहे. मित्रांनो, एखाद्या वस्तूवर माया करायची असेल तर आधी तिला नीट ओळखून घ्या. आणि ज्यांना तिचं मर्म ठाऊक आहे त्यांनी ते वेळेवर कोणाला तरी सांगून ठेवा. माझ्या ऑपरेटरचं सांगायचं राहून गेलं. बाकी माझं एकच मागणं आहे. कधी त्या तिकीटखिडकीवर गेलात तर बाईंना यातलं काही बोलू नका. पडदा सुंदर होता, एवढंच म्हणा.