कारणाचा रकाना

"मिलिंददादा, सोडायच्या आधी एक विचारते. कुठल्या सेंटरवर कुणी हातानं काही बदललंय का?"

ज्ञानदानं लॅपटॉपवरची नजर न काढता विचारलं. शेजारी मालक हंबीरराव, ऑफिसातल्या सगळ्यांचे आबा, चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांच्यादेखत मिलिंद म्हणाला, "न्हाई मॅडम."

"झालं तर मग. दुपारी दोनला नवी आवृत्ती सोडू."

सकाळचे दहा वाजले होते. साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळचं हे दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस. गावोगावच्या डेअरीत दूध घातलं की वजन होतं, फॅट निघते, चिठ्ठी छापून येते, तो सगळा प्रोग्राम इथे तयार होतो. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत एकशे शहाऐंशी गावांत तो चालतो. गेली चौदा वर्षं त्याची प्रत्येक नवी आवृत्ती मिलिंदच्या शर्टाच्या खिशातल्या पेनड्राइव्हमधून, त्याच्याच मोटरसायकलवरून गावात पोचायची. एक फेरी पुरी व्हायला अडीच महिने लागत. शेवटच्या गावाला पोचेपर्यंत पुढची आवृत्ती तयार असायची, की स्वारी पुन्हा पहिल्या गावाला. हंबीररावांना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

मग पुण्याहून ज्ञानदा आली. अठ्ठावीस वर्षांची, बोलायला गोड आणि कामाला वाघ. आठ महिन्यांत तिनं प्रत्येक मशीन नेटला जोडलं. आता ऑफिसात लिहिलेलं आपोआप तपासलं जाणार होतं आणि आपोआपच सगळ्या गावांत जाऊन बसणार होतं. पाइपलाइन म्हणायची ती त्याला. आधी पाच गावांत सोडून बघायचं, तिथं नीट चाललं की सगळीकडे. पहिल्या तारखेपासून मिलिंदनं कानाला हेडफोन लावून तक्रारींचे फोन घ्यायचे, असं ठरलं होतं.

"तुझी वणवण संपली बघ. निवांत बस आता खुर्चीत," हंबीरराव म्हणाले होते. चौदा वर्षांत सलग तासभर खुर्चीत न बसलेल्या माणसाला ते असं म्हणाले होते.

मिलिंद जिना उतरून खाली आला. गाडीला किल्ली लावली, काढली, पुन्हा वर गेला. पाणी प्यायला. परत खाली आला. पाय एका जागी ठरेनात.

त्यानं हातानं बदललं होतं. एका नाही, त्रेचाळीस गावांत. कुठंही लिहून न ठेवता, कुणाला न विचारता. दोन वर्षांपूर्वी सेटिंगच्या फाइलीला हात लावला म्हणून हंबीररावांनी एकाला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं, तेव्हा मिलिंद तिथंच उभा होता. आणि याहून वाईट गोष्ट पुढेच होती. चाचणीसाठी पाच गावं कुठली घ्यायची, हे ज्ञानदानं त्यालाच विचारलं होतं. त्यानं त्रेचाळिसातलं एकही दिलं नव्हतं. ज्यांना कधी बोट लावलं नाही अशी पाच शोधून दिली होती. सोमवारी पाचही ठिकाणी सगळं हिरवंगार दिसलं आणि ज्ञानदानं सगळ्यांना आइस्क्रीम खिलवलं. मिलिंदनंही खाल्लं.

आजवर नवी आवृत्ती घातली की तो आपले बदल तिथल्या तिथं पुन्हा करायचा; आता दोनला ती आपोआप गेली की त्यानं बदललेलं सगळं पुसलं जाणार. संध्याकाळी पाचच्या दुधाला त्रेचाळीस गावांत बोंबाबोंब होणार. फोन वाजत राहणार. मग हंबीरराव म्हणणार, ते पोरीचं खूळ राहू दे, काढ रे मिलिंद गाडी. हा विचार त्याला काल आला होता, आणि खोटं कशाला बोला, बरा वाटला होता. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसायला काय लागतं?

पण त्या त्रेचाळिसांत करंजमळे होतं.

करंजमळ्यात दूध सभासद क्रमांकाच्या ओळीनं घेत. एकचं झालं की दोनचं. मधला कुणी आला नसेल तर सेक्रेटरीनं गैरहजर मांडल्याशिवाय मशीन पुढं सरकत नसे. हे क्रमांक डेअरी निघाली तेव्हा आळी धरून दिलेले. आधी पाटील आळी, मग मधली आळी, मग मळे. बौद्धवस्तीची घरं एक्याण्णव ते एकशे चार. मिलिंद सात वर्षांपूर्वी चैत्रात तिथं प्रिंटर दुरुस्त करत बसला होता, तेव्हा सत्त्याण्णव नंबरची बाळाबाई साडेपाचापासून भिंतीला टेकून उभी होती. तिचा नंबर आला साडेसातला. दूध आंबलं होतं. सेक्रेटरीनं ते परत दिलं, तिनं काही न बोलता किटली उचलली आणि ती निघाली. रोज सांगून सांगून तिचं सांगणं संपलं असावं.

मिलिंदनं मग फाइल उघडली. क्रमासमोर एक होता, तिथं शून्य केला. प्रिंटर झाकला आणि सेक्रेटरीला सांगितलं, "कंपनीचा नवा नियम हाय. जो आधी येईल त्याचं आधी."

सेक्रेटरी थोडा कुरकुरला. पण माणसानं सांगितलं असतं तर सात बैठका झाल्या असत्या. मशिनीनं सांगितलं म्हटल्यावर गाव गुमान वागलं. मिलिंदला त्याचं फार हसू आलं होतं, आणि परत येताना रस्त्यात गाडी थांबवून तो थोडा रडलाही होता. त्याचे वडील केरू वारले त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते. उभा जन्म ते सगळीकडे शेवटी उभे राहिले होते.

एक वाजून दहा मिनिटांनी तो ज्ञानदाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"मॅडम, मी सकाळी खोटं बोललो."

तिनं हेडफोन काढला. त्यानं सगळं सांगितलं. त्रेचाळीस गावं म्हटल्यावर तिनं नुसते ओठ दाबले. पाच गावांचं सांगितल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मुद्दाम दिलीत?"

"व्हय."

"मी पडावी म्हणून?"

ज्ञानदा खिडकीपाशी गेली, नाक्यावरची गर्दी बघत मिनिटभर थांबली, मग आली आणि खुर्ची ओढून त्याच्याकडे सरकवली. "बसा. जुनी फाइल कुठं ठेवलीय?"

"कुठंच न्हाई. डोक्यात हाय."

"मग डोक्यातलं सांगा. गाव, काय बदललं आणि का बदललं. दोनचं मी थांबवते."

तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. शिरवळजवळ हायवेला लागून असलेल्या डेअरीत ट्रक गेला की फरशी हादरते, म्हणून वजन तीन सेकंद उशिरा घ्यायचं. पाचगणीच्या वाटेवर थंडीत फॅटचं मशीन तापायला वेळ लागतो, तिथं अर्धा तास आधी चालू व्हायला लावलंय. कृष्णाकाठच्या एका गावी सेक्रेटरीला मोतीबिंदू, चिठ्ठीची अक्षरं दुप्पट. सांगलीकडच्या एका गावात घड्याळ दहा मिनिटं पुढं, कारण टँकरवाला वेळेवर येतो आणि गाव येत नाही. ज्ञानदा मधेच हसली, मग आपण रागावलोय हे आठवून गप्प झाली.

"हे मला आधी का नाही सांगितलंत हो? ह्याला सोन्याचं मोल आहे."

"तुमी इचारलं न्हाई तवा, मॅडम. इचारलं ते थेट आबांच्या पुढं."

त्रेचाळिसावं गाव आलं. "करंजमळे. क्रम एकचा शून्य."

"कारण?"

"तेवढं सोडा, मॅडम."

"दादा, कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही. मीच तसं केलंय."

तेव्हा त्यानं सांगितलं. वस्ती, एक्याण्णव ते एकशे चार, किटली. केरूचंही सांगितलं, जे सांगायचं ठरवलं नव्हतं. ज्ञानदानं एक वाक्य लिहिलं आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. 'क्रमांक आळीनुसार असल्यामुळे बौद्धवस्तीतल्या सभासदांना रोज शेवटी उभं राहावं लागत होतं.'

"बरोबर?"

"बरोबर."

दोघांच्या मंजुरीशिवाय काहीच पुढं जाऊ नये, हाही ज्ञानदाचाच नियम. दुसरी मंजुरी हंबीररावांची. तीन वाजता ते आले, हकीकत ऐकली आणि आवाज चढला.

"चौदा वर्षं जेवू घातलं रं तुला. आन् माझ्या माघारी फायलीत हात घालतोस?"

मिलिंद खाली मान घालून उभा राहिला. हंबीरराव खुर्चीत बसले, चष्मा लावून यादी वाचू लागले. शिरवळच्या ट्रकवर हूं केलं. मोतीबिंदूवरही हूं केलं. शेवटच्या ओळीवर थांबले.

"हे काढ," ते ज्ञानदाला म्हणाले. "रांग लवकर संपते, असं लिही. उद्या कुणी वाचलं तर उगं गवगवा."

ज्ञानदानं मिलिंदकडे पाहिलं. दहावीतली मुलगी, पुढच्या वर्षीचं कॉलेज, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"आबा," तो म्हणाला, "माझं काय करायचं ते करा. मी चुकलोय. पर ते कारण राहू द्या. रांग लवकर संपावी म्हणून न्हाई केलं मी ते."

हंबीररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचं स्वतःचं गाव करंजमळ्यापासून चार कोसांवर, आणि तिथल्या डेअरीतही क्रमांक आळीनंच होते. ते मिलिंदला माहीत होतं. त्यांनाही.

"राहू दे मग," ते तुटकपणे म्हणाले आणि मंजुरीचं बटण दाबलं. दारातून वळून बोलले, "फोनच्या टेबलाला दुसरं कोणतरी बघतो मी. तुझा हा महिना पुरा कर."

साडेतीनला ज्ञानदानं नवी आवृत्ती सोडली. स्क्रीनवर गावांची नावं एकेक करून हिरवी होत गेली. करंजमळे एकशे बावन्नावं. तिनं मिलिंदसमोर हात पसरला, तो समजला आणि खिशातला पेनड्राइव्ह काढून तिच्या हातावर ठेवला.

"मी बोलते आबांशी," ती म्हणाली.

"नगा बोलू, मॅडम."

"बरं. पण अशी अजून किती गावं असतील?"

"क्रमाची? एकशेबारा."

"जाण्याआधी यादी द्या मला."

मिलिंदनं मान हलवली आणि गाडी काढली. घरी जायचं होतं, पण गाडी हायवेला लागली. सव्वापाचला तो करंजमळ्यात पोचला आणि डेअरीसमोरच्या पिंपळाखाली गाडीवरच बसून राहिला. रांगेत पंधरा-वीस माणसं होती. पाटील आळीतला एकजण मोबाइल बघत सहावा उभा होता. बाळाबाई तिसरी होती.

तिचा नंबर पुकारला गेला. दूध ओतलं, चिठ्ठी आली, ती घडी घालून तिनं कमरेच्या पिशवीत ठेवली. बाहेर येताना तिला मिलिंद दिसला.

"आरं मशीनवाल्या, आज काय बिघडलं?"

"काय न्हाई, मावशी."

"मग आलास कशाला?"

"असंच."

तिनं त्याला नीट न्याहाळलं. रिकामी किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बिघडल्याबिगर तू कवा आलास? बरं न्हाई व्हय तुला?"

"बरा हाय मी."

"लय सरळ मशिन हाय बाबा तुमची. माणसावाणी तोंड बघत न्हाई." तिनं पदर सावरला. "फिरून कवा येशील?"

मिलिंदचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

"बिघडलं की येतो," तो म्हणाला.

बाळाबाईनं मान डोलावली आणि ती वस्तीच्या वाटेला लागली. अजून चांगला उजेड होता. तिची सावली रस्ताभर लांब पडली होती, आणि तिला कसलीच घाई नव्हती.