मागच्या खोलीतला ठिपका

नियोजन कार्यालयाने शाळेच्या हॉलमध्ये भूकंपाच्या तयारीची बैठक बोलावली, तेव्हा गल्लीतले लोक कपाळाला आठ्या घालूनच आले. आजवर साहेब यायचे, सांगायचे आणि जायचे. या वेळी लोकांना विचारायचं ठरलं होतं, आणि ते काम कार्यालयाने सोपवलं होतं थोरलीवर. ती याच गल्लीतली, शिंपीणबाईंची मुलगी.

आपल्या घरात रात्री जो जिथे झोपतो, तिथे नकाशावर ठिपका द्यायचा. घर कोसळलं की आधी तिथेच खणणार. ही अक्कल फुकट आली नव्हती. मागच्या भूकंपात थोरलीचा धाकटा भाऊ मागच्या खोलीत अडकला होता आणि सगळे जिवाच्या आकांताने स्वयंपाकघर उपसत होते.

बायको रुसते तेव्हाचा ठिपका कुठे देऊ, असं बेकरीवाल्याने विचारलं आणि हशा पिकला. मग सगळे कामाला लागले. नकाशे जमा करत थोरली आईपाशी आली. तिच्या नकाशावर एक ठिपका पुढच्या खोलीत, दुसरा मागच्या खोलीत. मायलेकी तर दोघी पुढेच झोपायच्या. मागची खोली जुन्याच विटांनी पुन्हा उभी केलेली, भिंत एवढ्यातच तडकलेली.

त्या खोलीतून रात्री बोलणं ऐकू येतं, अशी गल्लीत कुजबुज होती. थोरलीने ती हसण्यावारी नेली होती. आता भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला. शिवाय ठिपका चुकला, तर पुन्हा भलतीकडेच खणतील, आणि या खेपेला खाली आई असेल. तिने खोडरबर काढलं.

"आई, तो गेला गं."

"मला सांगतेस? तो ठिपका माझा आहे. तुझा डोळा लागला की मी तिकडे जाते."

"त्या भिंतीखाली?"

"त्याने किती हाका मारल्या असतील. कुणी ओ दिली नाही. आता मी देते."

रोज रात्री शेजारचं अंथरूण रिकामं आणि आपण ढाराढूर. थोरलीला स्वतःचीच चीड आली.

गवंडीकाका उठले आणि म्हणाले, दुरुस्तीचं पहिलं काम या भिंतीचं घेऊ. सगळ्यांनी हात वर केले. आईने मात्र हात मांडीवरच ठेवला.

"काम चालेल तेवढे दिवस त्याच्याशी कोण बोलेल?"

थोरली तिच्याजवळ खाली बसली.

"अंगणात अंथरूण घालू," ती म्हणाली. "तिथून दोघी बोलू."