तोटी नसलेली किटली

मी एक जुनी, स्टीलची किटली आहे. जुनी आहे हे आपणहून सांगते, कारण मित्रांनो, तुम्ही ते विचारणारच. पाठीवर एवढा मोठा पोचा कसा पडला, हेही विचारणार. विचारणाऱ्याच्या मनात काय आहे ते आधी बघावं आणि मग उत्तर द्यावं, अशी माझी रीत आहे. लोक मला संशयी म्हणतील तर म्हणोत. जिच्या पोटात रोज उकळता चहा ओतला गेला, ती ताकही फुंकूनच पिणार.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती तुळजापूरच्या बस स्टँडसमोरच्या माणिकप्पांच्या चहाच्या टपरीची. सोलापूरच्या गाड्या येऊन थांबायच्या, भाविक उतरायचे आणि माणिकप्पा मला उचलून गर्दीत शिरायचे. "लई गुणाची हाय माजी किटली. एक थेंब सांडत न्हाय," असं ते कुणालाही सांगायचे. ते ऐकून मी आणखी ताठ व्हायचे. रोज सकाळी ते मला राखेने घासायचे आणि मी इतकी चकचकायचे, की गिऱ्हाइकं माझ्यात बघून भांग पाडायची.

मग एका नवरात्रात, ड्रायव्हरला चहा द्यायला ते गाडीच्या पायरीवर चढले असताना गाडी हलली. मी पाठीवर आपटले. तोटी वाचली, पण तोटीच्या बरोबर मागच्या बाजूला, वाटीएवढा खोलगट पोचा पडला. त्या दिवसापासून माणिकप्पा मला ठेवताना पोच्याची बाजू भिंतीकडे करू लागले. मला समजायचं ते समजलं. मला फार वाईट वाटलं. माणसांच्या गोड बोलण्यावरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

टपरीवर एक शिक्षक एसटीची वाट बघत बसायचे. वैजनाथ सर त्यांचं नाव. एकदा त्यांनी एक डोळा मिटला, हात लांब करून पेन्सिल माझ्यावर रोखली आणि अंगठा वरखाली सरकवू लागले. हा माणूस सरळ नाही, असं मी तेव्हाच मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते चक्क एक नवी कोरी किटली घेऊन आले.

"माणिकप्पा, ही घ्या आन् ती द्या."

"अवो सर, तिला पोचा हाय की."

"पोचा हाय म्हणूनच तर पायजे."

नवं देऊन जुनं नेणारा माणूस तुम्ही कधी बघितलाय? मला वाटलं, यात नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. माणिकप्पांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी नवी किटली उलटीसुलटी करून चार वेळा तपासली. पण मला देण्याआधी त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने माझं अंग पुसलं, पोच्यातूनसुद्धा बोट फिरवलं. तेव्हा मात्र माझा ऊर भरून आला.

सरांनी मला त्यांच्या गावच्या माध्यमिक शाळेत आणलं. कलेच्या लांबट खोलीत, एकाच खिडकीसमोर, एका तिपाईवर मला बसवलं. माझ्याभोवती अर्धवर्तुळ करून पोरं बसली. सर म्हणाले, "सरळ वस्तू डोळं झाकून बी काढता येती. पोचा आला की बघावंच लागतं. जे ठावं हाय ते काढू नका. जे दिसतंय ते काढा." लगेच चाळीस पोरांनी एकेक डोळा मिटला आणि चाळीस पेन्सिली माझ्यावर रोखल्या. मी दचकले. मला भोसकायचा बेत आहे, अशी माझी खात्रीच झाली होती. पोरं पेन्सिलीने माझं माप घेत होती, हे पुढे कळलं.

पुढे वीस वर्षं मी तशीच बसून राहिले आणि पोरांना पाचवीपासून दहावीपर्यंत मोठं होताना बघत गेले. पाचवीतली मुलं माझ्याकडे बघतच नाहीत. ती मला नाक-डोळे काढतात आणि वरून वाफही सोडतात. सातवीत पट्टी घेऊन माझ्या कडा सरळ करतात, जणू मी डबा आहे. आठवीत खोडरबराने कागद फाडतात. नववीत कधीतरी, एखाद्याच्या हातून, माझी सावली खरी उतरते. आणि दहावीत कलेच्या तासाला गणिताचा जादा तास येतो. मग ती मुलं दारावरून जाताना फक्त आत डोकावतात.

तीन वर्षांपूर्वी वैजनाथ सर निवृत्त झाले. जाताना शिपाई बंडप्पांना म्हणाले, "हिला चहाला नेऊ नका, बंडप्पा." बंडप्पांनी हात जोडून हो म्हटलं. सरांच्या जागी नवं कुणी आलं नाही. कलेचा तास विज्ञानाच्या अर्पिता मॅडमकडे आला. पहिल्याच दिवशी त्या वर्गाला म्हणाल्या, "मला चित्रकला येत नाही. पण लबाडी ओळखता येते." मला ही बाई एकदम आवडली.

त्यांच्या संशयाला कारणही होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पंधरा मुलांनी निसर्गचित्रं आणली. पंधराही चित्रांत नारळाची तीच झाडं होती आणि सगळ्यांची झावळी एकाच बाजूला वाकलेली होती. आमच्या गावात नारळाचं झाड औषधालाही नाही. तेव्हापासून मॅडम प्रत्येक कागद उजेडासमोर धरून बघायच्या.

त्यातच इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली. मॅडमनी नववीला सांगितलं, "ज्यांना बसायचंय त्यांनी मधल्या सुट्टीत या खोलीत बसून या किटलीचं चित्र काढायचं. शुक्रवारी मी बघणार. चित्र स्वतःचं असेल त्याचाच फॉर्म शनिवारी जाईल."

इतर मुलं घोळक्याने आली आणि गप्पा मारत, दहा मिनिटांत मला उरकून गेली. शिवरंजनी मात्र एकटी, सगळे गेल्यावर यायची. लाल रिबिनीच्या दोन घट्ट वेण्या, हातात कागद. आली की ती आधी दार लावून घ्यायची. दार कशाला लावायचं? मग ती माझ्या तोटीसमोर न बसता मागे, खिडकीखाली, अगदी दोन हातांवर फरशीवर बसायची आणि माझ्या पोच्याकडे टक लावून बघायची. तोंड सोडून पाठीकडे बघणाऱ्याचं मन साफ नसतं. ही मला भंगारात घालणार, अशी शंका माझ्या मनात आली. सलग तीन दिवस ती भाकरीचा डबा न उघडता बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तर तिने माझ्याकडे बघून मान हलवली, वेण्या नाचवल्या, जीभ काढून दाखवली आणि एकटीच खुदकन हसली. वीस वर्षांत माझा असा अपमान कुणी केला नव्हता.

गुरुवारी तपासणीला साहेब लोक आले. बंडप्पा घाईघाईने खोलीत शिरले आणि मला उचलून घेऊन गेले. खोटं कशाला बोलू, पोटात गरम चहा पडला आणि मला तुळजापूर आठवलं. मी खूश झाले. संध्याकाळी बंडप्पांनी मला विसळलं आणि हातात आले तशी तिपाईवर ठेवून दिलं. माझी तोटी आता खिडकीकडे होती. मला ते कळलं होतं, पण चहाच्या आनंदात मी त्याचा विचार केला नाही.

शुक्रवारी मॅडमनी चित्रं पाहिली. शिवरंजनीचा कागद हातात येताच त्यांच्या भुवया चढल्या.

"हे तू काढलंस?"

"व्हय, मॅडम."

"किटलीची तोटी कुठंय?"

त्यांनी कागद वर्गाला दाखवला, तेव्हा मीही तो पाहिला. माझा संताप झाला. माझी कडी होती, झाकण होतं, पोटाची गोलाई सुरेख उतरली होती. पण तोटी नव्हती! ज्या तोटीने माणिकप्पांचा एक थेंब सांडला नाही ती तोटीच गायब. आणि पोच्याच्या मध्यभागी एक इवलंसं काळं तोंड काढलं होतं, त्याला वर दोन शिंगं.

"आणि ही शेळी कसली? शिंगं कुणाला काढलीस, मला?" मॅडमनी विचारलं. वर्ग हसला.

"शिंगं न्हाईत ती, मॅडम."

शेवटच्या बाकावरून युवराज म्हणाला, "मॅडम, हिचा भाऊ मल्लेश तुळजापुरात ट्रॉल्या रंगवतो. असलीच शिंगं काढतो बैलाला."

मॅडमना हवं ते सापडलं. "म्हणजे भावानं काढून दिलं. त्यानं ही किटली कधी बघितलेली नाही, म्हणून तोटी राहिली." मला हे लगेच पटलं. चित्र इतकं चांगलं आणि तोटी नाही, याचा दुसरा अर्थ काय असणार?

"न्हाय मॅडम. मी तिथं बसून काढलंय. मला जे दिसलं ते काढलं." शिवरंजनीने खिडकीखालची जागा दाखवली. मॅडम संशयी असल्या तरी अन्यायी नव्हत्या. त्या पदर खोचून खाली बसल्या. माझी तोटी थेट त्यांच्या नाकासमोर आली.

"ही काय तोटी. आंधळ्यालाही दिसेल."

शिवरंजनीचा चेहरा उतरला. "किटली फिरलीय, मॅडम. तवा अशी नव्हती."

"किटली काय आपोआप फिरते?" मॅडमनी गठ्ठ्यातून तिचा फॉर्म काढून बाजूला ठेवला. "खरं बोलली असतीस तर मी तुला अजून एक संधी दिली असती."

शिवरंजनीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती फॉर्मबद्दल बोललीच नाही. म्हणाली, "मॅडम, माझ्या आईला सांगू नका भावानं काढून दिलं म्हणून. तिला ते खरं वाटंल. मग ती माझी चित्रांची वही कायमची काढून घेईल."

मित्रांनो, त्या क्षणी मी मुळापासून हादरले. मी फिरवली गेले होते, हे मला माहीत होतं. या मुलीने तीन दिवस उपाशी बसून मला काढलं, हेही मी पाहिलं होतं. आणि तरी तोटी नाही म्हटल्यावर मीही तिला खोटी ठरवून मोकळी झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझाच संशय आला. ओरडून सांगावं असं वाटलं, पण किटलीला तोटी असते, जीभ नसते.

बंडप्पा नोटिशीची वही घेऊन दारात उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रडणाऱ्या पोरीकडे. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, किटली म्या नेलती काल. सायबांच्या चहाला. वैजनाथ सरांनी नगं म्हणलं व्हतं, पर थर्मास घावंना."

"आणि ठेवताना?"

"ठिवली बघा जशी आली तशी. त्यात काय हाय ते मला कुठं कळतंय?"

मॅडम मला फिरवायला उठल्या. "थांबा, मॅडम," म्हणत शिवरंजनी पुढे आली आणि तिने दोन बोटांनी मला हळूच वळवलं. मॅडम पुन्हा खाली बसल्या. आता माझी तोटी पोटामागे झाकली गेली आणि पोचा समोर आला. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग हात वर केला आणि बघतच राहिल्या.

"चमचा," त्या पुटपुटल्या.

मागच्याच महिन्यात त्यांनी घरचा स्टीलचा चमचा आणून याच वर्गात फिरवला होता. अंतर्गोल आरशात दूरची वस्तू उलटी आणि लहान दिसते, हे त्यांनीच शिकवलं होतं. तोच धडा आज त्यांच्यासमोर माझ्या पाठीवर होता. त्यांनी शिवरंजनीला तिच्या जागी बसवलं आणि स्वतः तिच्या खांद्यामागून वाकून पाहिलं. पोच्यात एक इवलंसं डोकं होतं, खाली डोकं वर मान. त्यातून दोन वेण्या सरळ वर उभ्या राहिल्या होत्या, रिबिनींसकट.

मॅडमनी चित्र शेजारी धरलं. एकेक जण येऊन वाकून बघून गेला. युवराजही आला, बघितलं आणि मान खाली घालून म्हणाला, "मल्लेशदादाला तर वेण्या न्हाईत."

"मनानं काढणाऱ्यानं स्वतःला उलटं काढलंच नसतं," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "शिवरंजनी, माझं चुकलं." त्यांनी तिचा फॉर्म पुन्हा गठ्ठ्यात घातला, सगळ्यात वर. मग चित्रातल्या सावलीवर बोट ठेवून विचारलं, "हे एवढं मऊ कसं केलंस? मला दाखवशील?" शिवरंजनीने डोळे पुसले आणि पेन्सिल आडवी धरून दाखवली.

आणि मी? ज्या पोच्याची मला जन्मभर लाज वाटली, त्यात वीस वर्षं शेकडो पोरांची डोकी उलटी उमटत होती आणि मला पत्ताच नव्हता. तिने जीभ मला दाखवली नव्हतीच. ती स्वतःच्याच उलट्या तोंडाला हसत होती.

दुसऱ्या दिवशी बंडप्पा मला पिशवीत घालून निघाले. "पाप लागलं मला. तुळजापुरास्नं ठोकून आणतो, पोचा काढून," असं ते म्हणत होते. शिवरंजनीने धावत जाऊन पिशवीच हिसकावली. आता तिपाईवर खडूने एक बाण काढला आहे. माझी तोटी कुठं हवी ते तो सांगतो.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला घासा, पुसा, हवं तर कधीतरी चहालाही न्या, पण परत ठेवताना बाण बघून ठेवा. माझा पोचा मात्र काढू नका. संशय घ्यायला माझी ना नाही, तो माझाही स्वभाव आहे. फक्त तो घेण्याआधी समोरचा जिथे बसला होता तिथे जाऊन बसा, एक डोळा मिटा आणि नीट बघा. शिंगं दिसलीच, तर आधी आपलं डोकं हलवून पाहा.