रविवारची मासोळी

मी कढई बोलतेय. लोखंडाची, दोन कानांची, बुडाशी जरा बसकी. माझ्या रंगावर जाऊ नका. मी काळी झाले ती जाळावर काम करून झाले, आणि मासोळीचा वास अंगाला मुरला तोही कष्टाचाच. या वासापायीच मला अर्धं आयुष्य घराबाहेर काढावं लागलं, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

आमगावच्या आठवडी बाजारात एका लोहाराच्या गोणपाटावर मी पडून होते. रुख्माबाईच्या वडिलांनी मला उचललं, बोटाने टणटण वाजवून पाहिलं आणि लेकीच्या आंदणात दिलं. सासरी आल्यावर रुख्माबाईने माझ्यात पहिल्यांदा रांधला तो मरळ मासोळीचा रस्सा. चुलीत भाजलेला कांदा, भरपूर लसूण, आंबोशीचे दोन तुकडे आणि रस्सा दाट व्हावा म्हणून चिमूटभर तांदळाचं पीठ. तिचा नवरा झामसिंग मुलखाचा मुकाट जेवणारा. त्या दिवशी ताटातला रस्सा संपला तेव्हा त्याने उरलेला भात उचलून थेट माझ्यातच कालवला. सासू हसली, नवी नवरी लाजली, आणि मला जन्माला आल्याचं सार्थक वाटलं.

झामसिंगच्या खाण्याच्या तऱ्हा मोठ्या होत्या. दुधीला तो पाण्याची भाजी म्हणायचा. दोडकं दिसलं की त्याची भूकच मरायची. लाखोळीची डाळ मात्र रोज चालायची, आणि कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या असल्या की तो दोन घास जास्तच जेवायचा. रोज दिवस कलला की रुख्माबाई विचारायची, "आज का रांधू?" आणि तो म्हणायचा, "कर काई बी." काही केलं की मात्र नाक मुरडायचा. 'काई बी' नावाची भाजी मी अजून कुठल्या चुलीवर पाहिलेली नाही, पण माणसं रोज तीच मागवतात.

मग दिव्या झाली. अंगावर पीत असतानाच तिला असा ताप भरला की पोरीने डोळे फिरवले. गोंदियाच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून रुख्माबाई देवाला बोलून बसली, पोर वाचली तर कंठी घेईन, मासोळी-मटणाला जन्मात हात लावणार नाही. पोर वाचली. रुख्माबाईच्या गळ्यात तुळशीची कंठी आली आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर गेले.

कंठीवालीच्या चुलीजवळ मासोळीचं भांडं चालत नाही, अशी आमच्याकडची रीत. घरच्यांना खायची बंदी नसते, फक्त भांडं वेगळं, चूल वेगळी, आणि रांधणारे हातही वेगळे. मागच्या छपरीत एका खुंटीला मला टांगलं, परसात तीन दगड मांडले. रुख्माबाईने त्या दिवसापासून मला शिवलं नाही. माझं नावही घेईना, 'ते भांडं' म्हणायची. मला राग यायचा. माहेराहून हिच्याबरोबर आले ती मी, आणि आता माझाच विटाळ.

दिव्या मोठी झाली तशी रविवारी बापलेक परसात मासोळी रांधू लागले. दोघेही अडाणी. कधी करपवायचे, कधी कच्ची उतरवायचे. रुख्माबाई आत पाठ करून बसलेली असायची, पण नाक कुठे ठेवणार? आतूनच ओरडायची, "बुडाशी लागून रायलं, पानी घाला." झामसिंग पहिला घास घेऊन लेकीला म्हणायचा, "तुयासारखी मासोळी कोणी रांधत नाही." पोर फुशारून जायची. तो खोटं बोलत होता, हे मला ठाऊक होतं, आणि आत बसलेलीलाही.

दिव्या शिकली, नागपूरला नोकरीला लागली. मेसच्या जेवणाला कंटाळून रोज संध्याकाळी फोन करायची. "बाबूजी, आज का जेवले?" बाबूजी सांगायचे, "दुधी," आणि फोनवर दोघेही हसायचे. महिन्या-दोन महिन्यांनी ती रविवार काढून आली की तेवढ्यापुरती मी खुंटीवरून खाली यायचे.

यंदा धान घरात आलं आणि झामसिंगने खाट धरली. पोटातलं दुखणं होतं, वेळ निघून गेल्यावर कळलं. दवाखान्याने घरी पाठवलं. डॉक्टर रुख्माबाईला बाजूला घेऊन म्हणाले होते, आता जे मागतील ते खायला द्या. उन्हासाठी त्याची खाट मागच्या छपरीत टाकली, अगदी माझ्या खुंटीखाली. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं, ऐकलं.

त्याला काहीच जात नव्हतं. रुख्माबाई तांदळाची पेज चमच्याने भरवायची. एका दुपारी तो म्हणाला, "दिव्याची माय, मरळ रांधून दे न."

"दिव्या येऊन रायली न रविवारी. तीच रांधून देईल."

"तिच्या हातची नाही म्हणून रायलो. तुया हातची. लय वर्सं झाली."

चमचा वाटीतच थांबला. "माया गळ्यात कंठी हाय," ती म्हणाली.

तो म्हणाला, "बरं," आणि कुशीवर वळला.

दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या गंजात, म्हणजे आतल्या पातेल्यात, तोच मसाला केला. तोच कांदा, तीच आंबोशी, तेच पीठ. मासोळीच्या जागी कोहळ्याच्या वाळवलेल्या बड्या टाकल्या. त्याने रस्सा जिभेवर घेतला आणि जरासा हसला. "मसाला तोच हाय. मासोळी कुठं पळाली?" तीही हसली, वाटी घेऊन आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी दिव्याने फोनवर आईलाच झापलं. "माय, डॉक्टर का म्हणाले? जे मागतील ते द्या. तू दे न रांधून."

"तुयाच जिवासाठी बांधली होती कंठी. तुले मालूम हाय."

"मी एवढी घोडी झाली. मले आता का होते?"

"असं बोलू नोको," रुख्माबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

तोवर मी तिच्यावर रागावलेलेच होते. त्या संध्याकाळी माझा राग गेला. एकीकडे लेक, एकीकडे नवरा, आणि तिच्या लेखी एकाला घास द्यायचा तर दुसरीचा जीव टांगायचा. तुम्ही हसाल. पण डोळे फिरवलेलं पोर मांडीवर घेऊन तुम्ही बसला नव्हता, ती बसली होती.

गुरुवारी शामकला ढिवरीण मासोळीची टोपली घेऊन परसात आली. शेजारच्या गावची, आठवड्यातून एकदा फेरी मारायची. "मरळ हाय बाई, जित्ती हाय," ती म्हणाली. रुख्माबाई टोपलीपाशी गेली. वाकली. टोपलीत मरळ शेपटी आपटत होती. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी पाहिलं. मला वाटलं, आता उतरवते.

ती सरळ उभी राहिली. "रविवारी आणजो," म्हणाली, "मोठी पाहून आणजो."

खाटेवरून झामसिंगने विचारलं, "आज का वार?"

"गुरुवार."

"मंग जवळच हाय," तो म्हणाला.

शुक्रवारी दुपार कलता कलता ती नेहमीप्रमाणे खाटेशी आली आणि म्हणाली, "आज का रांधू?" त्याने 'काई बी'सुद्धा म्हटलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मग खाली बसली आणि त्याचा हात हातात घेऊन तिसऱ्यांदा विचारलं, हळू, जसं झोपलेल्याला विचारतात.

दिव्या मिळेल त्या गाडीने आली. रविवार उजाडला तो तिसरा दिवस. राख सावडायला जाताना मेलेल्याच्या आवडीचं काही रांधून पळसाच्या पानावर घाटावर ठेवायचं असतं. झामसिंगची बहीण पुष्पाबाई परसात भात आणि उडदाचे वडे करत होती. अशात शामकला टोपली घेऊन दारात उभी. तिच्या गावात खबर पोचली नव्हती. सांगितल्याप्रमाणे मोठी पाहून आणली होती.

परसातली माणसं बघून ती काय समजायचं ते समजली. टोपली पदराने झाकून मागे फिरू लागली. रुख्माबाई म्हणाली, "थांब. दे इकडं."

"वहिनी, सुतकात मासोळी?" पुष्पाबाई म्हणाली. "अन् तुया गळ्यात कंठी हाय."

"आवडीचं ठेवतात न? त्याईले हे आवडत होतं."

तिने हात वर केला आणि मला खुंटीवरून उतरवलं. राखेने घासलं, धुतलं, तीन दगडांवर चढवलं. कंठी गळ्यात तशीच होती. हात काही विसरला नव्हता. ज्या दिवशी मी नवी नांदायला आले होते, त्या दिवसाइतकाच नेमका कांदा, नेमकं पीठ. रस्सा उकळला तेव्हा तिने दिव्याला बोलावलं. "चाखून पाय. मले चालत नाही. मीठ बरोबर हाय का?"

दिव्याने तळहातावर घेतलं. जन्मात पहिल्यांदा ती आईच्या हातची मासोळी चाखत होती. चाखली आणि तिथेच मातीत बसली. म्हणाली, "माय, बाबूजी मले खोटं सांगत होते."

"हो," रुख्माबाई म्हणाली. "तुयं मन राखत होते."

पानावर वाढून दिव्या घाटावर गेली. रुख्माबाईने मला धुतलं, आणि खुंटीवर नाही, आत स्वयंपाकघरात फळीवर नेऊन ठेवलं. आता मी तिथेच असते. ज्या जागेसाठी मी इतकी वर्षं जळले ती जागा मिळाली, आणि मला तिथे करमत नाही. आता या घरात मासोळी रांधत नाही कोणी. रुख्माबाई कधी माझ्यात एकटीपुरता भात परतते, कधी तेही नाही. माझ्या कानाशी तांबूस गंज धरला आहे. संध्याकाळी फोन आला की जेवणाचं विचारण्याआधी ती दिव्याला विचारते, "तब्येत बरी हाय न?" आणि उत्तर येईपर्यंत कंठी मुठीत धरून ठेवते.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी आज कोणी काही खावंसं वाटतं म्हणालं, तर वार बघू नका. कढई चढवा. अळणी होऊ द्या, करपू द्या, पण त्याच्या तोंडात जाऊ द्या. त्या रविवारी घाटावरची मरळ कावळ्याने नेली की कुत्र्याने, हे रुख्माबाईने विचारलं नाही आणि दिव्यानेही सांगितलं नाही. झामसिंगने खाल्ली नाही, एवढं आम्हा तिघींना ठाऊक आहे.