शिमग्याचा खोकला

सिंधुबाई पणदऱ्याच्या फाट्यावर येष्टीतून उतरली ती भांडायच्या तयारीनंच. पदर खोचलेला, बोचकं काखेत, आणि तोंडात सासूच्या नावाच्या शिव्या. तिच्या कानावर आलं होतं की घरात काडीमोडाचं घाटतंय आणि नवऱ्यासाठी दुसरी पोरगी बघून ठेवलीय. का? तर म्हणे हिचा पायगुण वाईट. ही लगीन होऊन घरात आली आणि चांगला धडधाकट गेणू खोकायला लागला.

आता ह्या पायगुणाची गंमत बघा. दिवाळी झाली की सासू, म्हणजे धोंडाबाई, तिला बावड्याला माहेरी धाडायची आणि शिमगा उलटला की परत आणायची. थंडीत गेणूचा खोकला चाळवतो, तवा हिचं पाऊल घरात नको! पाच वर्षं हेच चाललं होतं. सिंधुबाई बापाच्या मळ्यात वांगी-मिरच्या तोडायची आणि सासूचा एकेक शब्द मनात साठवून ठेवायची. दुसरी एखादी सोशिक बाई रडत बसली असती, नाहीतर विहीर जवळ केली असती. ही तसली नव्हती. हिला सूड पाहिजे होता, आणि तोही चारचौघांत. ज्या तोंडानं सासूनं पायगुण काढला, त्याच तोंडानं तिला तो गिळायला लावायचा होता.

ती घरी न जाता तडक गुऱ्हाळावर गेली. माघातली थंडी अजून मोडली नव्हती. कालव्याकडच्या काळ्या रानावर धुकं आणि धूर एकात एक मिसळून बसले होते.

गुऱ्हाळ घरचंच. लगीन झालं त्याच साली ऊस आला होता आणि गुऱ्हाळ घातलं होतं. थोरला दीर महिपती घाण्यावर असायचा, गुळव्या म्हस्कू रस आटवायच्या काहिलीपाशी, आणि गेणू खाली खड्ड्यात, तिच्या चुलवाणाच्या तोंडाशी बसून उसाची चिपाडं जाळात सारायचा. त्याच्यासारखा एकसारखा जाळ आसपासच्या गावात कुणाला जमत नव्हता. म्हणून तो खड्डा त्याच्याच वाट्याला आला तो आला. आज मात्र गेणू बाभळीखाली घोंगड्यावर पडला होता. खांदे वर ओढून ओढून श्वास घेत होता.

धोंडाबाईनं सुनेला बघितलं आणि जागेवरनंच तोफ डागली. "आलीस व्हय गं अवदसे? आजून त्यो मेला न्हाय, म्हनून आलीस?"

"मी तर आत्ता बावड्यास्नं येतीया, आत्याबाई. दिवाळीपास्नं हितं माजं पाऊल न्हाय. मग ह्यो कुनाच्या पायानं पडला?"

"तुजी सावली पडलीया घरावर, सावली! उद्या बारामतीला न्हेतीया त्येला. नवा डाक्टर आलाय, त्येचा हातगुण लई चांगला हाय म्हनत्यात."

"मीबी येती."

"तू कशाला तितं काळं तोंड घिऊन?"

"माजा पायगुण दावायला," सिंधुबाई म्हणाली, आणि नवऱ्याच्या उशाला जाऊन बसली.

गेणूनं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. "बरं केलंस आलीस," एवढंच म्हणाला. आईपुढं जास्त बोलायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी बारामतीचा बाजार होता, त्यामुळं दवाखान्यात बायाबापड्यांची ही गर्दी. डाक्टर तरणाच, चष्मेवाला. गेणूच्या छातीला नळी लावून त्यानं विचारलं, "किती दिवस झाले खोकला येऊन?"

"चार दिस," धोंडाबाई म्हणाली.

सिंधुबाईला हेच पाहिजे होतं. तिनं आवाजात मध घातला. "आत्याबाई, तुमी लेकासाठी येवडं केलंत, ते सांगा की डाक्टरला. सुप्याच्या वैद्याचं सांगा. न्हायतर त्येस्नी वाटंल, ह्या मायनं काय केलंच न्हाय."

कुठली आई हे ऐकून घेईल? धोंडाबाई ताठ झाली. "केलं न्हाय? आवो, लगीन झालं त्या साली शिमग्यात सुप्याच्या वैद्याकडं न्हेला. काढा दिला त्येनं, उतार पडला न्हाय. सोडला त्येला, हातगुणच न्हवता. फुडल्या शिमग्याला इंदापूरच्या हकिमाचं चाटन. त्येबी सोडलं. मग देवरुशी केला. त्येच्या म्होरल्या साली छातीवर डाग दिलं. गेल्या शिमग्यात फलटनला न्हिऊन सुई टोचली. येकदा ज्येचा गुन आला न्हाय, त्येची पायरी दुसऱ्यांदा चढली न्हाय मी!"

बाकड्यावरच्या बायांनी माना डोलावल्या. साऱ्या मुलखाचीच ती रीत. डाक्टर मात्र नळी गळ्यात तशीच ठेवून तिच्याकडं बघत राहिला.

"आणि सगळ्यांना सांगितलंत काय? चार दिवसांचा खोकला आहे म्हणून?"

"मग? खोकला वाढला की चार दिसांनी न्हेतोच की."

"दर शिमग्यात. पावसाळ्यात खोकला नसतो?"

"छ्या! आकाडात कसा बैलावानी आसतो गडी."

"थंडीत काम काय करतो हा?"

धोंडाबाई पदर सावरायला लागली. मग गेणूच दम घेत घेत म्हणाला, "गुऱ्हाळाला जाळ घालतो, सायेब. दिवाळी ते शिमगा."

डाक्टर खुर्चीत मागं टेकला. "आजी, हा चार दिवसांचा खोकला नव्हे, पाच वर्षांचा आहे. दरवेळी नव्या माणसाला दाखवलात. एकानं जरी लागोपाठ दोन हिवाळे बघितला असता तरी तेव्हाच ध्यानात आलं असतं. चुलवाणाचा धूर बसलाय छातीत. क्षय वाटत नाही, तरी पुण्याला नेऊन छातीचा फोटो काढा. जेवढं फुप्फुस गेलं ते काही परत येत नाही. उरलेलं राखायचं असेल तर ह्याला पुन्हा धुरात बसवायचं नाही."

सिंधुबाई पुढं सरकली. "डाक्टरसायेब, येक इचारू? थंडीत मला म्हायेरी धाडत्यात आन आकाडात मी घरात आसती. मग माजा पायगुण वाईट कसा?"

डाक्टरला हसू आलं. "अहो, मग तुम्ही घरात असता तेव्हाच हा बरा असतो की!"

बाया फिसकन हसल्या. एक म्हातारी तर म्हणाली, "आगं बया, मग सुनंला बारा म्हैनं ठिवा की!" धोंडाबाईचं तोंड एवढंसं झालं. ती लेकाचा दंड धरून बाहेर पडली, आणि पायरी उतरता उतरता म्हणाली, "ह्येलाबी हातगुण न्हाय. फुडल्या बाजारी भिगवनला न्हिऊ."

सिंधुबाई ओठ चावत मागनं चालली. डाक्टरनं पायगुण खोटा पाडला, पण कबूल कोण करतंय? कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच!

दुसरा दिवस उगवला. ऊस तोडून पडला होता आणि जास्त पडून राहिला तर गूळ नासतो. महिपती म्हणाला, "गेणू, येवडी काहील उतरव, मग नीज." आई म्हणाली, "बस बाबा, काय व्हत न्हाय." आणि तो गरीब जीव उतरला खड्ड्यात.

सिंधुबाई कालव्यावरनं पाणी घेऊन येत होती. तिनं हे बघितलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. डोक्यावरची घागर तिनं तशीच चुलवाणाच्या तोंडात पालथी घातली. कमरेवरची कळशी चिपाडाच्या ढिगावर. भस्सकन वाफ आणि राख उसळली.

"आरं, काहील गेली! गूळ धरायचा न्हाय आता!" म्हस्कू ओरडला.

महिपती उसाचं टिपरू घेऊन धावला. "भवाने, तुजं टकुरंच फोडतो!"

तेवढ्यात गेणू खड्ड्यातनं वर आला आणि दोघांच्या मधी उभा राहिला. धापा टाकत होता, तरी म्हणाला, "आदी मला मार, दादा." थोरल्या भावापुढं तो असा उभा राहिलेला उभ्या जन्मात कुणी बघितला नव्हता. महिपतीचा हात खाली आला.

"व्हा बाजूला! मी बसती," धोंडाबाई कडाडली. "जलमभर चूल फुकली ह्या हातांनी. वंजळभर धुराचं येवडं कौतुक!" आणि म्हातारी खरंच खड्ड्यात उतरली. जाळ पेटवून ओली चिपाडं आत सारायला लागली. धुराचा लोट तिच्याच तोंडावर उलटला.

"ह्या रांडंनं भिजवली म्हनून धूर हाय!" ती खालनं ओरडली.

गेणू काठावर बसला होता. तो म्हणाला, "न्हाय आई. दवानं रोजच अशी भिजल्याली आसत्यात."

"रोज?"

"रोज."

म्हातारीनं हातातल्या ओल्या चिपाडाकडं बघितलं. हट्टानं बसली अजून थोडी. मग खोकल्याची उबळ आली ती थांबेना. चारी पायांवर रांगत वर आली. डोळ्यांना धारा लागलेल्या आणि छाती भात्यागत वरखाली होत होती. ऊस तोडणारे गडी कोयते टाकून गोळा झाले होते.

"पानी... पानी दे गं."

सिंधुबाईच्या हातात रांजणातनं भरलेला तांब्या होता. तिनं तो पुढं केला नाही. "आदी सांगा. पायगुण कुनाचा?"

"तुजा... न्हाय."

"म्हस्कूभावजींस्नी ऐकू आलं न्हाय."

धोंडाबाईनं वर बघितलं. आधी सुनेकडं, मग लेकाकडं. आणि जे सिंधुबाईनं विचारलंही नव्हतं ते तिच्या तोंडातनं बाहेर पडलं. "तुजा न्हाय गं! माज्या लेकाला मीच ह्यात बशीवला. मीच बशीवला!"

खोटं कशाला सांगा, सिंधुबाईला ते गुळापेक्षा गोड लागलं. पाच वर्षं ती ह्याच घडीसाठी जगली होती. तिनं तांब्या दिला. म्हातारी घटाघटा प्यायली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. गेणूचा खोकला काठावर चालूच होता.

सिंधुबाईनं सासूच्या हातातला तांब्या घेतला, परत भरला आणि महिपतीच्या पायापाशी नेऊन ठेवला.

"भावजी," ती म्हणाली, "आता तुमी उतरा."