पावसाआधीची तयारी

इद्रीसशेठनी कापडाचे लूम विकून दापोड्यातल्या वडिलोपार्जित शेतावर गोडाऊन बांधलं आणि मागच्या पट्टीवर गोल्फची हिरवळ केली. मी, माधव, त्यांचा मॅनेजर. मला विचारलं असतं तर तिथे ट्रक उभे केले असते. पण शेठच्या मुलीला, अलिजाला, दुबईचं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील इमादभाई गोल्फ खेळतात असं कळल्यावर शेठनी फोनवर ठोकून दिलं, की आम्हीही खेळतो. आता दाखवणं आलं.

मे महिन्यात शेठ नात्यातल्या लग्नाला रत्नागिरीला गेले. जाताना दामूला बजावलं, की पाहुणे यायच्या आत पावसाआधीची तयारी करून ठेव. म्हणजे हिरवळीला बारीक भोकं पाडायची, वाळू भरायची, खत घालायचं. दामू नवा माळी, जन्मभर भातशेती केलेला. पावसाआधीची तयारी त्याला एकच ठाऊक. त्याने हिरवळीवर शेण, पालापाचोळा आणि माती पसरली आणि पेटवून भाताच्या रोपांसाठी राब भाजला. मी त्या आठवड्यात रजेवर होतो म्हणून वाचलो.

शेठ परतले ते पाहुण्यांना घेऊनच. हिरवळ तव्यासारखी काळी. शेठच्या तोंडचं पाणी पळालं. दामू मात्र शाबासकीची वाट बघत उभा.

"भाजून झालाय, शेट. भाताचं बियानं तेवडं द्या."

शेठ सावरले. हा सीझनचा मेंटेनन्स आहे, विलायतेत असंच करतात, म्हणाले. इतकं सराईत खोटं ऐकून मला त्यांचा अभिमानच वाटला.

इमादभाई खाली बसले. चिमूटभर राख हुंगली.

"हे कोणी भाजलं? हा कोपरा कच्चा राहिलाय."

शेठनी डोळे मिटले. इमादभाईंनी बूट काढले, पँट दुमडली आणि दुबईहून आणलेल्या गोल्फच्या काठीने राख उकरायला लागले. लहानपणी महाडकडच्या गावी राब भाजायचे, म्हणाले. गोल्फ दुबईतल्या साहेबांची मर्जी राखायला शिकले, त्यात काडीचा रस नव्हता. मग शेण किती घालावं यावरून ते दामूशी बराच वेळ भांडले. दामूही हटला नाही.

संध्याकाळी चहावर लग्न ठरलं. अलिजाला मुलगा आधीच पसंत होता. शेठच्या बेगम सुरैयाभाभींनी गोडाऊनच्या सगळ्या हमालांना मिठाई वाटली. मी मुबारकबाद द्यायला गेलो तर शेठ तोंड पाडून खिडकीत उभे. शेतीतून सुटायला या माणसाने उभा जन्म घालवला होता. मला खरंच वाईट वाटलं, आणि हसूही आवरेना.

"माधव," शेठ म्हणाले, "व्याही जुलैत परत येतायत. लावणीला. दोघं मिळून चिखलात उतरू म्हणतात."